सहाबारी कशी चालते, आणि आपण तिला हात कुठपर्यंत लावायचा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे बघा' बरेचसे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज रिव्हॉल्व्हरबद्दल बोलायचंय. घाबरू नका, कुणाला विकत घ्यायला सांगणार नाही आणि बनवायला तर अजिबातच नाही.

नव्या श्रोत्यांसाठी थोडी ओळख. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. नांदेडला राहतो, कंपनी पुण्याची, काम घरून. दिवसभर स्क्रीनवर कोड बघितला की संध्याकाळी हाताला काहीतरी ठोस हवं असतं. त्यातून जुनी यंत्रं उघडून बघायचा नाद लागला. आधी गजराचं घड्याळ, मग आजीचं शिलाई मशीन, आणि गेली दोन वर्षं रिव्हॉल्व्हर. शिलाई मशीन मी खरंच उघडलं. रिव्हॉल्व्हर मात्र कागदावर, स्क्रीनवर आणि प्लायवुडवर. ते तसंच का, हा आजचा निम्मा भाग.

अमेरिकेत हौशी माणसं घरच्या टेबलावर बंदुकीची दुरुस्ती शिकतात. त्याचे व्हिडिओ आपल्याकडची पोरंही बघतात. मग मेसेज येतात, 'दादा, आपल्याला जमंल का?' या प्रश्नाचे दोन तुकडे करू. समजून घ्यायला जमेल का? हो. बारावीचं फिजिक्स आणि थोडा धीर पुरेसा आहे. हाताने करायला जमेल का? परवाना नसेल तर नाही. त्याचं एक कारण कायद्यात आहे आणि दुसरं खुद्द यंत्रात. यंत्रातलं कारण समजलं की कायद्यातलं आपोआप पटतं, म्हणून सुरुवात यंत्रापासून.

आधी शब्द सरळ करू

आपल्याकडे सगळेच म्हणतात, 'घोडा दाबला आणि गोळी सुटली.' बोलायला ठीक आहे, पण आज घोडा आणि चाप वेगळे ठेवू. बोटाने ओढतो तो चाप, म्हणजे ट्रिगर. मागे जाऊन पुढे आपटतो तो घोडा, म्हणजे हॅमर. गोळी आणि काडतूसही एक नाही. काडतूस म्हणजे पितळी टोपण, त्याच्या बुडात ठिणगी देणारी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. रिकामं टोपण मागेच राहतं.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हेही वेगळं. आजच्या पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात आणि प्रत्येक बाराच्या धक्क्यावर पुढचं काडतूस वर येतं. रिव्हॉल्व्हरमध्ये एक चक्र असतं, त्यात बहुतेक वेळा सहा घरं. हे चक्र बाराच्या जोरावर फिरत नाही, तुमच्या बोटाच्या जोरावर फिरतं. म्हणून एखादं काडतूस उडालं नाही तरी चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. जुन्या मराठीत याला 'सहाबारी' म्हणायचे. मला हा शब्द फार आवडतो, आज तोच वापरेन.

थोडा इतिहास, पटकन

सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत फिरत्या चक्राचं पेटंट मिळालं ते १८३६ साली. त्याची कल्पना अशी, की अंगठ्याने घोडा मागे ओढला की त्याच हालचालीने चक्र पुढच्या घरावर जाईल आणि तिथेच अडकून बसेल. दर बाराला अंगठा वापरावा लागायचा. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्सने १८५१ मध्ये वेगळी तऱ्हा काढली. फक्त चाप ओढायचा, घोडा आपोआप मागे जाऊन सुटणार. १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दोन्ही सोयी एकाच यंत्रात बसवल्या. हवं तर अंगठ्याने, हवं तर नुसत्या चापाने. याला आज डबल ॲक्शन म्हणतात. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने धातूच्या टोपणाचं काडतूस वापरणारं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं आणि दारू, गोळी वेगवेगळी ठासायची कटकट मागे पडायला लागली.

आपल्याशी जवळचं नाव वेब्ली. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने वेब्ली स्वीकारली. तिची नळी बिजागरीवर खाली मोडते आणि मोडताना मधला तारा वर येऊन सगळी टोपणं एकदम बाहेर ढकलतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं, वेब्लीच्या मार्क ४ वर बेतलेलं. आपल्याकडे परवानाधारकाच्या कपाटात सहाबारी असली तर ती अशी असायची शक्यता बरीच. २०१४ साली गाजलेलं 'निर्भीक' हेही .३२ चंच, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे अर्धा किलो. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, म्हणून त्यावर टीकाही बरीच झाली.

एका ओढीत पाच कामं

आता मुख्य भाग. तुम्ही चाप ओढता तेव्हा आत काय होतं?

एक. घोडा मागे जायला लागतो आणि मुख्य स्प्रिंग दाबली जाते. ताकद इथे साठते.

दोन. चक्राच्या बाहेरच्या अंगाला सहा खाचा असतात. त्यांपैकी एका खाचेत खालून एक छोटी खुंटी बसलेली असते. तिला स्टॉप म्हणू. ती खाली ओढली जाते, चक्र मोकळं होतं.

तीन. चक्राच्या पाठीवर दातेरी चकती असते. चापाला जोडलेली एक पट्टी वर सरकते आणि त्या चकतीचा एक दात ढकलते. इंग्रजीत तिला हँड म्हणतात, आपण 'बोट' म्हणू. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये टिकटिक करणारी खुंटी आठवा, तिचीच ही बहीण. सहा घरं म्हणजे तीनशे साठ भागिले सहा, चक्र साठ अंश फिरतं.

चार. साठ अंश पूर्ण होताच स्टॉप वर उडी मारतो आणि पुढच्या खाचेत 'टक' करून बसतो. चक्र कुलूपबंद.

पाच. आणि आता, यानंतरच, घोडा चापाच्या टोकावरून निसटतो आणि पुढे आपटतो. प्रायमरवर घाव बसतो.

'यानंतरच' या शब्दावर सगळं उभं आहे. चार आधी, पाच नंतर. यात कुठे सेन्सर नाही, 'आता सोड' सांगणारं कुणी नाही. फक्त तुकड्यांची लांबी, कोन आणि खाचांची जागा अशी ठरवलेली आहे की क्रम चुकूच नये. माझ्यासारखे कोड लिहिणारे ऐकत असतील त्यांना लगेच कळेल, याला आपण रेस कंडिशन म्हणतो. दोन गोष्टी एकाच वेळी धावतायत आणि निकाल कोण आधी पोचतो यावर अवलंबून. आपल्याकडे अशी चूक झाली तर रात्री दोनला फोन वाजतो. इथे चूक झाली तर काय होतं ते बघा.

समजा ते 'बोट' झिजलं. चक्र साठऐवजी अठ्ठावन्न अंश फिरलं, स्टॉप खाचेच्या काठावरच राहिला आणि घोडा पडला. समजा घराचा मध्य अक्षापासून १२ मिलिमीटरवर आहे. दोन अंश म्हणजे तिथे सुमारे ०.४ मिलिमीटर. दिसायला काहीच नाही, नखाच्या जाडीएवढं. पण .३२ ची गोळी जेमतेम ७.९ मिलिमीटर रुंद. ती आता नळीच्या तोंडात सरळ न शिरता काठावर घासते. शिशाचा कपचा निघतो आणि चक्र व नळी यांच्या फटीतून बाजूला उडतो. कधी शेजारी उभ्या माणसाच्या गालावर, कधी चालवणाऱ्याच्या हातावर. फरक थोडा असेल तर नळीच्या तोंडाशी ठेवलेला नरसाळ्यासारखा उतार गोळीला सावरून आत घेतो. जास्त असेल तर तोही हात टेकतो.

या जुळणीला टायमिंग म्हणतात. रिव्हॉल्व्हर दुरुस्तीचं अर्धं शास्त्र या एका शब्दात आहे.

शिकायचं ते आधी 'बघायला'

मला वाटलं होतं, या कामात कानस आणि हातोडी जास्त असेल. जेरी कुनहाउसन या लेखकाची स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट रिव्हॉल्व्हरवर दुरुस्तीची पुस्तकं आहेत, या धंद्यातले लोक ती हाताशी ठेवतात. ती वाचताना कळलं की निम्म्याहून जास्त वेळ मोजण्यात आणि तपासण्यात जातो. डॉक्टर कसा औषधाआधी नाडी बघतो, तसं.

सगळ्यात आधी शस्त्र रिकामं आहे का ते बघायचं. मग पुन्हा बघायचं. नंतर खोलीत काडतुसं नाहीत याची खात्री करायची. हे हास्यास्पद वाटत असेल तर बातम्या आठवा, 'साफ करताना गोळी सुटली'.

मग टायमिंग. चक्र सावकाश फिरवत प्रत्येक घराला स्टॉप घोड्याच्या आधी बसतो का ते बघायचं. सहाच्या सहा घरांना. कारण चकतीचे दात सहा, आणि एकच दात झिजलेला असू शकतो. टेस्टिंग करणाऱ्यांना हे पटेल, पाच केस पास झाल्या म्हणून सहावी सोडायची नसते.

मग फट. चक्राचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यात थोडी जागा ठेवावीच लागते, नाहीतर काजळी साचून चक्र अडकेल. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. म्हणजे झेरॉक्सच्या एक-दोन कागदांएवढी. ती फीलर गेजने मोजतात, जो मोटारसायकलचा व्हॉल्व्ह लावताना मेकॅनिक वापरतो. या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला वायू बाहेर फुटतो, म्हणून सहाबारीच्या पुढच्या बाजूला बोटं ठेवायची नसतात.

मग चक्राची मागे-पुढे हालचाल. ती वाढली की फट प्रत्येक वेळी वेगळी येते आणि घोड्याचा घावही कमी-जास्त बसतो. आणि शेवटी घोड्याची सुरक्षा. नव्या रचनेत घोडा आणि प्रायमर यांच्यामध्ये एक आडकाठी असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घाव पोचतच नाही. फार जुन्या सहाबाऱ्यांमध्ये ती नसते. हातातून पडून घोड्यावर आपटली तरी बार उडू शकतो. म्हणून पूर्वीचे लोक सहाच्या जागी पाचच भरायचे आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे.

एवढं सगळं 'बघणं' आहे. यात एकही तुकडा घासलेला नाही. आणि घासायचं का नसतं तेही ऐका. हे छोटे तुकडे बऱ्याचदा फक्त वरून कडक केलेले असतात. कडक थर अगदी पातळ, आत पोलाद मऊ. चाप हलका व्हावा म्हणून कुणी कानस मारली, की तो थर जातो. पहिले शंभर वेळा मस्त मऊ चालतं. मग मऊ पोलाद झिजतं आणि एके दिवशी घोडा मागे नेऊन ठेवलेला असताना नुसत्या धक्क्याने निसटतो. बिघाड त्या दिवशी होत नाही, सहा महिन्यांनी होतो. तोपर्यंत 'आपण भारी काम केलं' असंच वाटत राहतं.

मामाची सहाबारी

आता एक घरचा प्रसंग. माझे मामा लातूर जिल्ह्यात, औश्याकडे शेती करतात. वस्ती गावापासून लांब, म्हणून त्यांच्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, जुनं. मागच्या वर्षी गेलो तर म्हणाले, "अरे तू इंजिनियर हायस ना? ह्याचं चक्कर हल्लायलंय. एवढं बघून दे की."

मी म्हणालो, "मामा, बघतो. हात नाही लावणार. तुम्हीच उघडा, रिकामं करा, मी शेजारी बसतो."

त्यांनी सहा काडतुसं काढली, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. मग माझ्या सांगण्यावरून चाप सावकाश ओढत गेले. चार घरांना 'टक' आधी आलं. दोन घरांना घोडा पडला तरी 'टक' आलंच नाही. हाताने चक्र किंचित ढकललं तेव्हा स्टॉप बसला. म्हणजे दोन दात झिजलेले, किंवा ते बोट आखूड झालेलं.

मामा खुश. "सापडलं ना? मग करून टाक. एमआयडीसीत आपला लेथवाला हाय, तो एवढीशी पट्टी दोनशे रुपयांत काढून देतो."

लेथवाला काढून देईल, यात मला शंका नव्हती. पट्टी दिसायला सोपीच आहे. पण किती लांब? ०.२ मिलिमीटर जास्त झाली तर चक्र अडकेल. कमी झाली तर आहे तेच. पोलाद कुठलं, कडक किती करायचं? आणि त्याहून मोठी गोष्ट, त्या पट्टीसाठी लेथवाला, मामा आणि मी, तिघंही गंभीर गुन्ह्यात अडकलो असतो. मी हे सांगितलं तेव्हा मामा थोडे रागावले. "माझं शस्त्र, माझा परवाना, मला कोण विचारणार?" त्यांच्यासारखे बरेच जण असाच विचार करतात, म्हणून पुढचा भाग नीट ऐका.

कायदा काय म्हणतो

मी वकील नाही, पण शस्त्र अधिनियम १९५९ मूळ इंग्रजीत वाचला. वाटतो तेवढा अवघड नाही.

कलम ३ : अग्निशस्त्र जवळ ठेवायला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन. आधी तीन होती.

कलम ५ आपल्या विषयाचं. त्यात फक्त 'बनवणं' आणि 'विकणं' नाही. रूपांतर करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं हेही त्याच यादीत आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. मामांचा परवाना शस्त्र बाळगायचा आहे, दुरुस्तीचा नाही. साफसफाई, तेलपाणी करणं ही मालकाची जबाबदारी. नवीन भाग करून बसवणं हे परवानाधारक कारागिराचं काम.

कलम २५ मध्ये शिक्षा. कलम ५ मोडून शस्त्र बनवलं किंवा दुरुस्त केलं तर २०१९ नंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. दोनशे रुपयांच्या पट्टीसाठी सात वर्षं. मामांना हे वाक्य सांगितल्यावर ते गप्प झाले.

आणखी एक बारकावा. कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवायची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे 'मी अख्खं कुठे बनवतोय, एकच तुकडा बनवतोय' हा बचाव चालत नाही. कलम ६ सांगतं की नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करायलाही परवाना लागतो. खेळण्यातल्या पिस्तुलाची नळी बदलणाऱ्या व्हिडिओंपासून म्हणून लांब राहा.

कायद्यात सोयीचीही एक गोष्ट आहे. परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरा माणूस शस्त्र दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला नेऊ शकतो. मामांचं वय झालंय, त्यांना प्रवास झेपत नाही, पण मी एकटा घेऊन जायला तयार नव्हतो. शेवटी दोघं मिळूनच गेलो, परवाना आणि शस्त्र त्यांच्याकडे. दुसऱ्या शहरातल्या परवानाधारक दुकानात. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने दोन मिनिटांत तेच सांगितलं जे आम्ही औश्याला बघितलं होतं. वर एक गोष्ट सांगितली जी मला दिसली नव्हती, नळीच्या तोंडाशी एका बाजूला शिशाचा थर साचलेला. म्हणजे गोळी तिथे घासत होती. आणि काडतुसं बघून म्हणाला, "ही किती वर्षांची? बदला." ओल लागलेल्या काडतुसात दारू अर्धवट पेटू शकते. गोळी नळीत मध्येच अडकते, आवाज फुसका येतो, माणूस वैतागून पुन्हा चाप ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुटते. बिघडलेल्या सहाबारीहून जुनं काडतूस जास्त धोक्याचं, हे त्या दिवशी शिकलो.

मग हौस भागवायची कशी

मी जे केलं तेच सांगतो.

पहिलं, पेटंटची चित्रं. कोल्टपासून वेब्लीपर्यंत जुनी पेटंटं इंटरनेटवर फुकट आहेत. प्रत्येक तुकड्याला अक्षर, प्रत्येक अक्षराचं वर्णन. एक चित्र घ्या, रंगीत पेन्सिलींनी चाप, बोट, स्टॉप, घोडा रंगवा आणि प्रत्येक अवस्थेचं वेगळं चित्र काढा. मी वहीत पाच अवस्थांचा तक्ता केला. तेव्हा समजलं की ही तर स्टेट मशीन आहे, आणि कोल्टने ती संगणकाच्या शंभर वर्षं आधी पोलादात लिहिली होती.

दुसरं, 'वर्ल्ड ऑफ गन्स' नावाचा गेम. यात गोळीबारापेक्षा सुटे भाग जास्त. शस्त्र पारदर्शक करून, वेळ संथ करून आतलं सगळं बघता येतं. खोलायचं आणि परत जोडायचं.

तिसरं, प्लायवुडचं मॉडेल. सपाट, चौपट मोठं. चक्राऐवजी साधी चकती, तिला एकही भोक नाही. नळी नाहीच. स्प्रिंगच्या जागी रबरबँड. हे शस्त्र नाही, शस्त्राचा भाग नाही, भिंतीवर टांगायचं यंत्रचित्र आहे. मी 'बोट' तीन लांबींची कापली, मुद्दाम. योग्य, आखूड, लांब. आखूड लावलं की घोडा आधी पडतो, स्टॉप मागून बसतो, डोळ्यांना दिसतं. लांब लावलं की सगळंच जाम. टायमिंग म्हणजे काय ते समजायला याहून चांगला गुरू नाही. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात ठेवता येईल असं आहे.

चौथं, खरी शस्त्रं काचेआडून बघणं. नांदेडहून हैदराबाद रेल्वेने सोयीचं, तिथे सालारजंग संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. आणि खुद्द आपल्या नांदेडला, तख्त हुजूर साहिबमध्ये, दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं. गोदावरीचं पाणी आणलं जातं आणि जतन केलेली शस्त्रं स्वच्छ केली जातात. लहानपणापासून बघतोय. त्यात बंदुकीचं यंत्र शिकायला मिळत नाही, पण शस्त्र वापरायचं नसलं तरी त्याची निगा शिस्तीने, वर्षानुवर्षं घेता येते, हे मी तिथे शिकलो.

पाचवं, नेमबाजी. ज्यांना खरंच हात लावायचाय त्यांच्यासाठी हा सरळ रस्ता. राज्याची रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीची रेंज आहे, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलंय. सुरुवात एअर पिस्तुलाने होते. शस्त्र हातात धरायची शिस्त तिथे प्रशिक्षक शिकवतो, व्हिडिओ नाही. गंमत म्हणजे आपलं हे .३२ काडतूस, १८९६ पासूनचं, सेंटरफायर पिस्तूल प्रकारात आजही वापरतात.

श्रोत्यांचे प्रश्न

'आजोबा वारले, त्यांचं रिव्हॉल्व्हर घरात आहे. काय करायचं?' असं उदगीरकडून एकाने विचारलंय. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो तुमच्या नावावर आपोआप येत नाही. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. नंतर वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. 'बघू, तेरावं झाल्यावर', 'बघू, वाटणी झाल्यावर' करत कपाटात ठेवू नका.

'वाड्यात गंजलेली ठासणीची बंदूक सापडली, ती ठेवता येते का?' कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालणार नाही असं असावं. ते तसं आहे का, हे ठरवणारे आपण नाही. पोलिसांना कळवा. आणि तोवर 'चालते का बघू' म्हणून घोडा ओढू नका. शंभर वर्षांपूर्वी भरून ठेवलेली बंदूक आजही भरलेली असू शकते.

'चाप ओढला, बार उडाला नाही, तर?' हा प्रश्न एका परवानाधारकाचा. नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान तीस सेकंद थांबा. कधीकधी प्रायमर उशिरा पेटते. लगेच उघडून डोळ्यासमोर धरू नका. आणि आवाज फुसका आला असेल तर दुसरा बार नाही म्हणजे नाही. नळी मोकळी आहे हे कारागिराने सांगेपर्यंत ते शस्त्र बंद.

'मग तुमच्या हौसेचा उपयोग काय, हात तर लावत नाही?' हा माझ्या बहिणीचा. उपयोग औश्याला झाला. दोन घरांना 'टक' येत नाही, एवढं ऐकता आलं. त्यामुळे मामांनी पुढचा बार उडवला नाही आणि लेथवाल्याकडे गेले नाहीत. एवढं ऐकायला शिकलात तरी या विषयात पुष्कळ शिकलात.

तुमच्या घरात कुणाकडे परवान्याची सहाबारी असेल तर हा भाग त्यांना ऐकवा. त्यांनी स्वतः ती रिकामी करावी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि सहाही घरांचा 'टक' मोजावा. पाचच आले, तर कानस काढू नका, परवानाधारक कारागिराचा पत्ता काढा.

खंडेनवमीला आम्ही घरात पाने, स्क्रूड्रायव्हर आणि माझा लॅपटॉप मांडतो. यंदा ते प्लायवुडचं चक्रही मांडणार आहे. मॉडेलची मापं हवी असतील तर कळवा, पुढच्या भागासोबत आकृती टाकतो. भेटू.